भाऊजी, घासणी मी लावली होती

भाऊजी, तुम्ही काहीही विसरला नव्हतात.

हे आधीच सांगून टाकते. मला फिरवून बोलता येत नाही, लिहिता तर त्याहून येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही ओढ्याला पाणी नसेल तेव्हा. पुढचं शिक्षण म्हणजे तुम्ही बँकेच्या स्लिपा भरायला शिकवल्यात तेवढंच. हे सोसायटीच्या अंकात छापायचंय, म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या चार गोष्टीही लिहाव्या लागतील. शुद्धलेखन तुमचा नितीन बघेल. मजकुराला हात लावायचा नाही, असं त्याला बजावलंय.

परवा खालच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. चेअरमन बोलले. बरं बोलले. कंपनीतले फिटर, कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाचा नळ गळला, की भाऊ हजर. मग म्हणाले, "शेवटी शेवटी मात्र विस्मरणानं त्यांना गाठलं. थोरल्या भावासारखंच झालं." लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मीही राहिले. मग चहा आला, तो प्यायला आणि वर आले.

विस्मरण, आणि तुम्हाला? माझ्या लग्नात कोणत्या पंगतीला जिलेबी कमी पडली, हे तुम्ही परवापरवापर्यंत सांगत होता.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही दहावीत नापास होऊन घरी बसलेले धाकटे दीर. नंतर दोघा भावांनी कर्वेनगरला एकाच मजल्यावर समोरासमोर घरं घेतली. आधी तुमची बायको गेली, मग आमचे हे गेले. नितीन तुमचा मुलगा, त्याचा सगळा दिवस हिंजवडीच्या वाटेवर. उरलो आपण दोघं. दोन वेळा तुम्ही माझ्याकडं जेवायला यायचात, आणि माझ्या घरातलं जे काही बिघडेल ते तुम्ही उघडून बसायचात. न बिघडलेलंही उघडायचात.

ह्यांचं शेवटी काय झालं ते तुम्ही पाहिलंय. मलाच विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" मी सांगायचे, "तुमच्याच घरातली आहे, जेवा गुपचूप." त्यांना आंघोळ तुम्ही घालायचात. अडीच वर्षं घातलीत. मी एकदाही थँक्यू म्हटलं नाही, आपल्यात तशी पद्धत नाही. आत्ता म्हणते. ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पानावरून उठताना तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, माझं असं व्हायला लागलं तर मला कळणार नाही. तुम्हाला कळेल. तुम्ही तोंडावर सांगायचं. लपवायचं नाही." मी म्हणाले, "मी कधी काही लपवलंय?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तुम्हाला सांगतोय."

आता त्या गाडीचं.

मागच्या वर्षी, संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. तुमची ती पांढरी छोटी गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, मध्येच बंद पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि तुम्ही आरशात बघून त्यांना हात जोडायचात. नितीन म्हणाला, गॅरेजला द्या. तुम्ही म्हणालात, "एवढ्यासाठी गॅरेज? मला काय हात नाहीत?" आणि सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसलात. मला फर्मान सुटलं, जुनं बनियन आणि जुना टूथब्रश घेऊन या.

मी दोन्ही आणलं. वर तारेची घासणीही आणली.

तुम्ही बॅटरीची वायर सोडवलीत, रबराचा जाड पाइप काढलात, चार बोल्ट काढलेत आणि एक लोखंडी डबडं वर्तमानपत्रावर ठेवलंत. फुलपात्राच्या तोंडाएवढं भोक, आणि त्यात आडवा बसलेला एक गोल पत्रा. सगळं तव्याच्या बुडासारखं काळं.

"याला थ्रॉटल बॉडी म्हणतात," तुम्ही म्हणालात. "इंजिनाचं नाक समजा. हवा इथून आत जाते. हा पत्रा म्हणजे झडप. ऍक्सिलरेटर दाबला की उघडते, सोडला की मिटते."

"नाक चोंदलंय म्हणा की."

"चोंदलंय."

"मग ओव्याची पुरचुंडी हुंगवा."

तुम्ही हसलात. स्प्रे मारून बनियननं पुसायला लागलात, मग घासणी दिसली. "ही कशाला आणलीत?"

"असू द्या. लागली तर."

"लागणार नाही. वहिनी, हे पितळेचं पातेलं नाही. झडपेच्या कडेला कंपनीनंच एक काळपट लेप दिलेला असतो. तो घाण नसतो. तो गेला तर झडप मिटली तरी फटीतून हवा शिरते. स्प्रे मारायचा, कापडानं निघेल तेवढंच काढायचं."

"म्हणजे अर्धवट काळं ठेवून परत बसवायचं?"

"साफ झालं की पुरे. चकचकीत कशाला?"

"आमच्यात साफ म्हणजे चकचकीतच."

"आमच्यात म्हणजे? घर एकच आहे की आपलं."

हा वाद तिथंच राहिला, कारण तुम्हाला लघवीला लागली. लिफ्ट बंद होती. तिसरा मजला आणि तुमचे गुडघे, म्हणजे जाऊन येईपर्यंत वीस मिनिटं. जिन्यावरून सांगून गेलात, "हात लावू नका हं."

पाच मिनिटं मी हात लावला नाही.

सासूबाईंनी लग्नानंतर चौथ्या दिवशी तांब्याचा बंब माझ्यापुढं ठेवला होता. "तोंड दिसलं पाहिजे," म्हणाल्या. मी चिंच लावून असा घासला की त्यांनी त्यात बघून कुंकू नीट केलं. त्या घरात माझं कौतुक तेवढ्यावरच झालं. स्वयंपाकाला नावं ठेवली, माहेराला ठेवली, घासण्याला कधी कुणी ठेवली नाहीत. माझ्यापुढं काळं भांडं पडलेलं मला बघवत नाही. कंपनीचा लेप वगैरे तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं होतं. मला वाटलं, पुरुषांना घासायचा कंटाळा, म्हणून असं काहीतरी सांगतात. कंपनी कशाला मुद्दाम काळं फासेल?

मी घासणी घेतली आणि ते भोक आतून घासलं. झडपेची कड दोन्ही बाजूंनी घासली. बनियननं पुसलं. आरशासारखं झालं. तुमची पावलं वाजली तेव्हा घासणी परत होती तिथं ठेवून दिली.

तुम्ही खाली बसलात, डबडं हातात घेतलंत. "अरे, एवढं निघालं होतं मघाशी?"

"तुम्हीच तर पुसत होता," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मग त्याच्याकडं पाहिलंत, आणि परत बसवायला घेतलंत.

माझं खोटं एवढंच. गेल्या पन्नास वर्षांत त्याहून मोठी खोटी मी बोलले असेन, पण त्यातलं कुठलं असं कुणाच्या अंगाशी आलं नाही.

गाडी चालू केलीत तर ती उभ्या उभ्याच ओरडायला लागली. तुम्ही म्हणालात, "बॅटरी काढली होती ना, ती सगळं नव्यानं शिकतेय. चालू राहू दे, बसेल." बसली नाही. "एक चक्कर मारून आणू," म्हणून मला शेजारी बसवलंत. मला कायम पुढंच बसवायचात. पुलापर्यंत जाऊन आलो. गेटमधून आत वळताना तुम्ही क्लच सोडलात आणि गाडीनं उडीच मारली. वॉचमनची खुर्ची चाकाखाली गेली. वॉचमन नुकताच पाण्याची मोटर बंद करायला उठला होता.

तुम्ही गाडी बंद केलीत. हात स्टिअरिंगवरच. वॉचमन धावत आला, खुर्चीकडं बघत म्हणाला, "काका, मी आत्ताच उठलो हो."

ते "आत्ताच उठलो" मला अजून ऐकू येतं. त्या वेळी सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, आता सांगितलं तर खुर्ची माझ्या नावावर लागेल. आणि माणूस बसलेला असता तर तोही.

रविवारी गॅरेजवाला खाली पार्किंगमध्ये आला. नितीन होता, मी होते. त्यानं ते डबडं काढून उजेडात धरलं.

"काका, तार मारलीय हो याला. ओरखडे बघा. सगळा लेप गेलाय. आता नवीनच टाकावं लागेल."

"तार नाही मारली," तुम्ही म्हणालात. "बनियन होतं. आणि ब्रश."

"बनियननं असं होत नाही काका. विसरला असाल."

तुम्ही माझ्याकडं वळलात. सरळ विचारलंत, "वहिनी, तुम्ही तिथं होता. मी तार लावली होती का हो?"

मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?"

भाऊजी, तुम्ही मला लोखंडाबद्दल विचारत नव्हता. श्राद्धाच्या दिवशी जे सांगून ठेवलं होतंत, ते विचारत होता. मला ते तिथल्या तिथं कळलं होतं. कळूनसुद्धा मी ते उत्तर दिलं. गॅरेजवाल्यासमोर आणि पोरासमोर लाज वाटली, दुसरं काही कारण नाही. वर गेल्यावर सांगू म्हटलं. वर गेल्यावर पोळ्या करायला घेतल्या.

त्या दिवशी तुम्ही किल्ली नितीनला दिलीत. तो म्हणाला, "बरं झालं बाबा, तुम्हीच समजून घेतलंत." मलाही जरा बरंच वाटलं, हेही लिहिते. तुम्ही गाडी घेऊन बाहेर गेलात की परत येईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा. म्हटलं, कसं का होईना, सुटली एकदाची.

सुटली कसली. दुसऱ्या दिवसापासून जेवताना तुमचं सुरू झालं. "वहिनी, मला सगळं आठवतंय बघा. वायर काढली. पाइप काढला. चार बोल्ट, त्यातला एक घट्ट होता. स्प्रे मारला. तुम्ही घासणी आणली, मी नको म्हणालो. मग वर गेलो. खाली आलो. आता यात तार लावली कधी? तेवढीच जागा रिकामी दिसते. दादाचंही असंच सुरू झालं होतं ना?"

मी म्हणायचे, "जाऊ द्या हो. भात घ्या."

चौदा महिने. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. तुमच्या डोक्यात एकदाही आलं नाही की वर गेल्यावर खाली वहिनी एकटीच होती. तुमच्यासारखा माणूस, जो मिक्सरचा आवाज ऐकून कोणता स्क्रू ढिला आहे ते सांगायचा, त्याला हे दिसलं नाही. मला विचारलं होतंत आणि मी उत्तर दिलं होतं, तेवढं तुम्हाला पुरलं.

हळूहळू तुम्ही कुणाच्या घरचं काही उघडेनासे झालात. शेजारच्या बाई पंखा घेऊन आल्या तर म्हणालात, "नको, मी काहीतरी उलटंसुलटं करून ठेवीन." नितीन तुम्हाला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तुम्ही आतल्या दातेरी चाकांसकट काढलंत. डॉक्टर हसले, म्हणाले, यांना काही झालेलं नाही. घरी येऊन तुम्ही मला म्हणालात, "त्याला काय माहीत, मी काय केलंय ते."

सकाळी दार उघडलं की तुम्ही मला वार विचारायला सांगायचात. मी विचारायचे, "आज काय वार?" तुम्ही सांगायचात. "काल भाजी काय होती?" सांगायचात, वर मीठ जास्त होतं हेही सांगायचात. एकदाही चुकला नाहीत. आणि मी मास्तरीण असल्यासारखी "बरोबर" म्हणायचे. चौथी पास मास्तरीण.

तुमच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. मी मनाशी ठरवून गेले होते. कावळा शिवायला उशीर करणार, मग सगळे विचारणार, काय इच्छा राहिली असेल, कुणी काही कबूल करा. तेव्हा मी पुढं होऊन सांगणार. तेवढं बळ मी धरलं होतं. भटजी बाजूला होतात न होतात तोच कावळा आला, आणि घास घेऊन गेला. सगळे म्हणाले, "सुटले. काही मागं राहिलं नाही त्यांचं." मी तिथं उभी. कावळ्याला भूक लागली होती, दुसरं काय. पण पुढं व्हायला मला काही निमित्त राहिलं नाही.

शोकसभेनंतर मात्र मी नितीनला बोलावून बसवलं आणि सांगितलं. सगळं, आत्ता लिहिलंय तसं.

तो म्हणाला, "काकू, हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"एका घासणीची?"

"हो."

"मी त्यांना काय काय बोललोय, माहितेय तुम्हाला? स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की म्हणायचो, बाबा, मागच्या वेळचं विसरलात वाटतं. चेष्टेनं म्हणायचो हो. रोज म्हणायचो."

त्यानं डोळे पुसले, आणि उठताना म्हणाला, "आता हे बाहेर कुणाला सांगू नका. लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत. तुझ्या बापाला ठेवलीच ना हॉलमध्ये?"

दुसऱ्या दिवशी चेअरमनकडे गेले. म्हटलं, अंकात भाऊजींवर मी लिहिणार. ते म्हणाले, "वा, छान. आठवणी लिहा, गोड काहीतरी. पानभर पुरे." मी म्हटलं, "तुमचं एक वाक्य खोडायला मला जितकी पानं लागतील तितकी लागतील." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

तेव्हा सोसायटीतल्या सगळ्यांना सांगते. या माणसाची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. ते तार विसरले नव्हते, कारण त्यांनी ती लावलीच नव्हती. मी लावली, आणि खोटं बोलले. ज्या बाईंनी पंखा परत नेला, त्यांनी हे नीट वाचावं. ते सहज दुरुस्त करून देऊ शकले असते.

एक राहिलं, भाऊजी. ते अजून नितीनलाही सांगितलेलं नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी तुम्ही माझ्याकडं वार सांगायला आला होता. छातीत कळ आली, खाली बसलात. मी फोन केला, माणसं आली, तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं. जिन्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "दूध." मी म्हणाले, "असू दे." तुम्ही परत म्हणालात, "वहिनी, दूध. माझ्याकडं." मी स्ट्रेचर धरणाऱ्या माणसाला म्हणाले, "लक्ष देऊ नका, ते जरा विसरतात."

माझ्या तोंडून गेलं ते. ऐकलंत तुम्ही. हात सोडलात.

दुपारी तुम्हाला हॉस्पिटलमध्येच ठेवून नितीनबरोबर कागद न्यायला घरी आले, तर वॉचमननं तुमच्या घरचा गॅस बंद केलेला. जिन्यात करपल्याचा वास येतो म्हणून त्यानं शेजारच्यांकडून किल्ली घेतली होती. पातेल्यात दूध जळून कोळसा झालं होतं.